एक लिव्हर, दोन कामं: जावा-येझदीच्या गिअर शाफ्टची गोष्ट

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण टॉप स्पीड, मायलेज वगैरे काही नाही. आज एका लोखंडी दांड्याची गोष्ट सांगायची आहे. लांबी वीतभरसुद्धा नसेल, पण तो तुटला की गाडी जागेवर उभी.

आमच्या घरी बाबांची येझदी आहे, १९८२ची. गेल्या पावसाळ्यात क्लच घसरायला लागला म्हणून मेकॅनिककडे नेली. काम तसं साधं. इंजिनाचं डावीकडचं कव्हर काढायचं आणि क्लचप्लेटा बदलायच्या. पण कव्हर निघेचना! कारण बघितलं तर कव्हरमधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर गिअरचा लिव्हर कुणीतरी चक्क वेल्डिंग करून चिकटवलेला. लिव्हर निघाल्याशिवाय कव्हर निघत नाही. शेवटी ग्राइंडरने कापावा लागला आणि त्याच्यासोबत शाफ्टचं टोकही गेलं.

मला राग आला. कोण हा अडाणी? बाबा शांतपणे म्हणाले, "१९९८ साली केलंय ते. का केलं ते आधी ऐक."

ते कळायला जरा मागे जाऊ या. सुरुवातीच्या मोटरसायकलींना गिअर हाताने टाकायचे, पेट्रोलच्या टाकीशेजारी दांडा असायचा. म्हणजे गिअर बदलायचा तर एक हात हँडलवरून काढा. रेसमध्ये हे किती महागात पडत असेल, विचार करा. १९२८च्या सुमारास इंग्लंडमधल्या व्हेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस यांनी पायाने चालणारी नवी यंत्रणा आणली. एकदा दाबलं की एकच गिअर पडणार आणि लिव्हर आपोआप मधल्या जागेवर परत येणार. आज आपण न बघता गिअर टाकतो ना, ते याच कल्पनेमुळे. पण यात एक गोम आहे. पायाचा सगळा जोर आता एका शाफ्टवर आला. दिवसातून शेकडो वेळा पिळ बसायचा, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला.

आता चेकोस्लोव्हाकियात चला. फ्रांटिशेक जानेचेक हे प्रागमधले शस्त्रं बनवणारे कारखानदार. १९२९मध्ये त्यांनी वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचं लायसन्स घेतलं. जानेचेकमधला 'जा' आणि वांडररमधला 'वा', झाली 'जावा'! इंडोनेशियातल्या बेटाशी काही संबंध नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हा तिथल्या इंजिनिअरांनी लपूनछपून एक नवी गाडी तयार केली. १९४६मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात आली. नाव 'पेराक'. चेक भाषेत 'पेरो' म्हणजे स्प्रिंग. गाडीच्या मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन होतं, म्हणून हे नाव.

पुढच्या जावा गाड्यांत डावीकडे एकच लिव्हर आला. पायाने दाबला तर गिअर. आत ढकलून वर फिरवला तर तीच किक! वर आणखी कमाल म्हणजे गिअर टाकताना तो लिव्हरच आतून क्लच सोडवायचा. म्हणजे हाताने क्लच न दाबताही गिअर बदलता यायचा. डिझाइन म्हणून लाजवाब. पण हिशोब मांडा: गिअरचा पिळ त्याच्यावर, क्लचचा जोर त्याच्यावर, आणि अंगातलं सगळं वजन टाकून मारलेली किकही त्याच लिव्हरवर.

हीच जावा भारतात आली. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' कंपनी काढली आणि १९६१पासून तिथे गाड्या बनायला लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्यांना 'येझदी' हे नाव मिळालं. दूधवाले, शिक्षक, फौजदार, सगळे तिच्यावर. मग १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिन आणि थेंबभर पेट्रोल. टू-स्ट्रोकचे दिवस भरत आले. १९९६मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला.

कारखाना बंद झाला तरी रस्त्यावरच्या गाड्या थोड्याच थांबतात! आता बिघाड कसा होतो ते बघा. शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात. लिव्हर त्यांच्यावर बसतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट जरा ढिला झाला की प्रत्येक किकला लिव्हर दात्यांवरून किंचित सरकतो. आज केसभर, उद्या दोन केस. शेवटी दाते गुळगुळीत. किंवा दात्यांच्या मुळाशी बारीक तडा जातो आणि एक दिवस टोकच हातात येतं.

बाबांच्या गाडीचं १९९८मध्ये हेच झालं. कंपनी बंद, दुकानात पार्ट नाही आणि सकाळी सातची ड्यूटी. कोपऱ्यावरच्या वेल्डरने दहा मिनिटांत लिव्हर चिकटवून दिला. बाबा वेळेवर कामाला पोचले. पुढची कितीतरी वर्षं पोचत राहिले.

मग आम्ही या वेळी काय केलं? कोल्हापुरात उद्यमनगरात एका टर्नरकाकांकडे शाफ्ट नेला. त्यांनी खराब टोक कापलं, उरलेला शाफ्ट लेथवर बांधून बरोबर मध्यात भोक पाडलं. ईएन-२४ नावाच्या चिवट पोलादाचं नवं टोक बनवून ते भोकात ठोकून बसवलं आणि जोडाभोवती वेल्डिंग केलं. पण आधी शाफ्ट तापवून घेतला आणि नंतर कोरड्या चुन्यात पुरून सावकाश थंड होऊ दिला. मी म्हटलं, पाणी ओता की! काका हसले. "झटकन गार केलास तर काचेसारखा ठिसूळ होईल. पहिल्या किकला तुटंल." मग शाफ्ट सरळ आहे का ते तपासलं, मिलिंग मशीनवर एकेक दाता कापला आणि ऑइल सील बसतो ती जागा पॉलिश केली. नाहीतर तिथून तेल गळत राहतं. नवा लिव्हर बोल्टने आवळला. आता पुन्हा कव्हर काढायचं झालं तर एक पाना पुरे.

२०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी हे ब्रँड नव्याने बाजारात आले. छान गाड्या आहेत, फोर-स्ट्रोक, बटण दाबलं की चालू. पण त्यांचा पार्ट आमच्या गाडीला काही बसत नाही. जुन्या गाड्या आजही धावतायत त्या लेथवरच्या अशा हातांमुळे आणि घरोघरी, गॅरेजमध्ये जपून ठेवलेल्या सुट्या भागांमुळे.

त्या वेल्डरवरचा माझा राग मात्र आता गेलाय. त्याने त्या दिवसाची अडचण सोडवली. टर्नरकाकांनी मात्र पुढे कधीतरी ही गाडी उघडणाऱ्या माणसाचाही विचार केला. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढंच करा: महिन्यातून एकदा गिअर लिव्हर हाताने हलवून बघा. जरा जरी खुळखुळला, तरी आधी बोल्ट आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि शाफ्ट वाचतो.

तुमच्या घरातल्या जुन्या गाडीचा असा एखादा किस्सा असेल तर आम्हाला जरूर कळवा.