सूर जुळले, मने दुरावली

लग्नाच्या मंडपात बँडवाल्यांनी 'हॅव यू एव्हर सीन द रेन' हे इंग्रजी गाणे सुरू केले की वसईपासून वांद्र्यापर्यंत, आणि गोव्यातही, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारेच ताल धरतात. गाणे आनंदाचे आहे असेच सर्वांना वाटते. वास्तविक ते दुराव्याचे गाणे आहे. आपल्या वाद्यवृंदातील वाढता बेबनाव आणि सख्ख्या थोरल्या भावाचे निघून जाणे समोर दिसत असताना धाकट्या भावाने ते रचले, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. ज्या गाण्यावर दोन घराणी एकत्र येऊन नाचतात, त्याच्या पोटात एका घराची फाटाफूट दडलेली आहे. तिचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे फार दिवस मनात होते. कारण आम्ही या गाण्यांचे जुने चाहते आहोत, आणि ती गाणाऱ्यावर आमचा राग आहे तोही तितकाच जुना.

हा वाद्यवृंद म्हणजे 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल'. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली शहराजवळ एल सेरिटो नावाचे छोटे गाव आहे. तेथील शाळेत १९५९ च्या सुमारास जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड हे तिघे वर्गमित्र एकत्र वाजवू लागले. फोगर्टी कुटुंब कॅथलिक. दोघा भावांच्या शिक्षणाचा काही काळ कॅथलिक शाळांत गेला. टॉम हा जॉनहून साडेतीन वर्षांनी मोठा. तो आधीपासून गात असे, आणि या मुलांना साथीला घेऊन त्याने सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या त्या स्वतःचे नाव पुढे ठेवूनच. १९६४ साली 'फँटसी' या ध्वनिमुद्रिका कंपनीशी त्यांचा करार झाला. पुढे जॉनचा आवाज अधिक दमदार आहे हे सर्वांनाच कळून चुकले. तेव्हा टॉम मागे सरला आणि तालाची गिटार वाजवू लागला. थोरल्याने धाकट्यासाठी जागा मोकळी केली ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. या कथेत तिचे मोल पुरते चुकते झाले नाही.

१९६७ साली सॉल झेंट्झ यांनी सहकाऱ्यांसह ती कंपनी विकत घेतली आणि १९६८ साली वाद्यवृंदाने नवे नाव धारण केले. १९६९ या एका वर्षात त्यांच्या तीन दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाल्या. अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत त्यांची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पहिला क्रमांक मात्र कधीच लाभला नाही. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना श्रीमंतांची मुले घरी राहतात आणि गरिबांची रणांगणावर जातात, हा संताप 'फॉर्च्युनेट सन' या त्यांच्या गाण्यात आहे. बहुतेक सारी गाणी जॉन रचत असे. तोच गात असे, वाद्यांची मांडणी ठरवत असे, ध्वनिमुद्रणावर देखरेख करीत असे आणि व्यवहारही पाहत असे. त्याच्या प्रतिभेबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

परंतु जेथे एकच माणूस सर्व काही करतो तेथे इतरांना हळूहळू आपण पाहुणे आहोत असे वाटू लागते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या विख्यात महोत्सवात ते मध्यरात्रीनंतर वाजवायला उभे राहिले. आपले वादन मनासारखे झाले नाही असे जॉनला वाटले, म्हणून महोत्सवाच्या चित्रपटात ते येऊ देण्यास त्याने नकार दिला. साथीदारांना तो निर्णय पटला नव्हता. आपल्यालाही काही मत असावे अशी उरलेल्या तिघांची मागणी वाढत गेली आणि १९७१ च्या आरंभी टॉम बाहेर पडला. १९७२ च्या 'मार्डी ग्रा' या ध्वनिमुद्रिकेत कुक आणि क्लिफर्ड यांनीही आपापली गाणी रचून गायिली. तसे व्हावे हा त्यांचा हट्ट होता असे जॉन म्हणतो. जॉननेच तसे करणे भाग पाडले असे ते दोघे म्हणतात. समीक्षकांनी त्या ध्वनिमुद्रिकेचे वाभाडे काढले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वाद्यवृंद विसर्जित झाला.

आता न्यायाची बाजू सांगितली पाहिजे, कारण रागाच्या भरात ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. कोवळ्या वयात केलेल्या करारामुळे जॉनच्या गाण्यांचे स्वामित्व कंपनीकडे गेले होते. त्या करारातून सुटण्यासाठी त्याला जुन्या गाण्यांच्या रॉयल्टीवर पाणी सोडावे लागले. चौघांची बचत बहामा बेटांतील एका बँकेत गुंतवली गेली होती, ती बँकच बुडाली. १९८५ साली जॉनच्या एका नव्या गाण्याची चाल कंपनीच्या मालकीच्या जुन्या गाण्यासारखी आहे म्हणून कंपनीने त्याच्यावर दावा लावला. ते जुने गाणेही जॉननेच रचलेले होते! माणसाने स्वतःचीच चोरी केल्याचा हा आरोप. साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार वाजवून त्याने दोन्ही चालींतील फरक ज्यूरीला दाखवला आणि १९८८ साली तो निर्दोष ठरला. वकिलांच्या खर्चाचा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथेही १९९४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. अन्याय झाला होता, आणि त्याने तो निमूटपणे सोसला नाही. याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाही.

आमचे दुःख निराळे आहे. कंपनीला पैसा मिळू नये म्हणून त्याने कित्येक वर्षे ती जुनी गाणी रंगमंचावर गाण्याचेच टाकले. ज्यांनी त्या गाण्यांवर जीव टाकला त्या श्रोत्यांचा यात काय अपराध? त्याहून मोठी गोष्ट भावाची. टॉमने आपल्या ध्वनिमुद्रिका त्याच कंपनीकडून काढल्या आणि झेंट्झ यांच्याशी सलोखा ठेवला. जॉनला तो विश्वासघात वाटला. १९७४ साली टॉमची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील एका गाण्यात चौघांचेही वादन आहे, आणि त्या गाण्याचे शीर्षक आहे 'जॉयफुल रिसरेक्शन', म्हणजे आनंदमय पुनरुत्थान. मात्र जॉनने आपला भाग वेगळा ध्वनिमुद्रित केला. पुनरुत्थानाचे गाणे, भाऊ दोन, आणि भेट नाही! या इतिहासात याहून उदास प्रसंग आम्हास दुसरा दिसत नाही.

१९८० साली टॉमच्या लग्नात चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. पण मने जुळली नाहीत. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून टॉमला एड्सची बाधा झाली आणि क्षयाने ६ सप्टेंबर १९९० रोजी तो वारला. वय अवघे ४८. दोघा भावांचा खरा समेट झालाच नाही. १९९३ साली रॉक संगीताच्या मानकऱ्यांत या वाद्यवृंदाचा समावेश झाला, तेव्हा कुक आणि क्लिफर्ड सभागृहात हजर होते. पण जॉनने त्यांच्यासोबत वाजवण्यास नकार दिला आणि दुसऱ्याच कलावंतांना घेऊन जुनी गाणी गायिली. १९९५ साली त्या दोघांनी मिळत्याजुळत्या नावाने नवा वाद्यवृंद काढला, तर त्यावरूनही कोर्टकचेरी झाली.

या ठिकाणी आम्हास योसेफाची आठवण होते. भावांनी त्याला विकले होते. पुढे तो मिसर देशाचा अधिकारी झाला तेव्हा धान्याची कोठारे त्याच्या हाती होती आणि न्यायही त्याच्याच बाजूला होता. त्याने भावांची परीक्षा पाहिली, आपले अश्रू लपवले. पण अखेर परक्यांना दालनाबाहेर घालवून त्याने स्वतःची ओळख दिली. परके कोण आणि भाऊ कोण हे त्याला कळले होते. जॉनने झेंट्झ आणि टॉम यांना एकाच रांगेत उभे केले. एक प्रतिपक्ष होता, दुसरा सहोदर. प्रतिपक्षाशी न्यायालयात भांडता येते. भावाशी भांडण मिटवायला घराचा उंबरठाच ओलांडावा लागतो.

वाचकहो, ही दूरच्या गवयांचीच गोष्ट आहे असे मानू नका. आमच्या धर्मग्रामांतही वाडीच्या हद्दीवरून, विहिरीच्या पाण्यावरून, सातबाऱ्यावरील नावावरून वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारे भाऊ आहेत. एकाच ख्रिस्तयागाला येतात, एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात, आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. त्यांतील बहुतेकांची बाजू कागदोपत्री बरोबरही असते. वेदीवर अर्पण वाहण्यापूर्वी बंधूशी समेट करावा, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. तेथे चूक कोणाची हे त्याने विचारलेले नाही.

४ जुलै १९८७ रोजी वॉशिंग्टनजवळ व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात जॉनने आपली जुनी गाणी पुन्हा गायिली. २००४ साली कंपनीची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी त्याची रॉयल्टी त्याला परत मिळवून दिली. २०२३ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, आपल्या गाण्यांचे हक्कही त्याने मिळवले. ती बातमी वाचून आम्हास मनापासून आनंद झाला. गाणी परत आली, पैसा परत आला, नाव तर कधी गेलेच नव्हते. टॉमला जाऊन मात्र तेव्हा ३२ वर्षे उलटली होती.

पुढल्या लग्नात ते पावसाचे गाणे लागेल तेव्हा आपण अवश्य नाचावे. मात्र मंडपात आपला एखादा भाऊ दिसत नसेल, तर त्याला आमंत्रण गेले होते काय, एवढे तरी स्वतःला विचारावे. आणि गेले नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी जावे.