अश्वारोही, शिकारी आणि पशू : प्रवराकाठच्या मूक प्रतिमांच्या वाचनाचा प्रश्न

शब्दांकित संहितेचे वाचन करताना समीक्षक भाषेच्या ज्ञात व्याकरणाचा आधार घेतो. लेखरहित प्रतिमेच्या बाबतीत हा आधार नाहीसा होतो. घोड्यावर बसलेला शस्त्रधारी पुरुष, त्याच्या पायाशी धावणारा कुत्रा, समोर उभा ठाकलेला रानपशू एवढेच दगडावर कोरलेले असते. हा पुरुष देव आहे, मृत वीर आहे की कोणी शिकारी, हे प्रतिमा स्वतःहून सांगत नाही. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याचा प्रवरा-गोदावरीकाठचा टापू या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. ताम्रपाषाणयुगातील पशुशिल्पे, मध्ययुगीन वीरगळ आणि खंडोबाच्या अश्वारूढ प्रतिमा असे तीन भिन्न काळांतील प्रतिमासमूह येथील अभ्यासकासमोर येतात. त्यांच्यातील साम्य इतके मोहक आहे की एका समूहाच्या आधारे दुसऱ्याचा अर्थ लावण्याचा मोह सहसा आवरत नाही. या मोहाची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दैमाबाद वसले आहे. या स्थळाचा शोध १९५८ मध्ये लागला आणि त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने तेथे उत्खनन झाले. १९७४ साली एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार भरीव धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमहून अधिक भरते. त्यांत ३१ सेंटिमीटर उंचीचा रेडा, २५ सेंटिमीटर उंचीचा हत्ती, १९ सेंटिमीटर उंचीचा गेंडा आणि ४५ सेंटिमीटर लांबीचा बैलजोडीचा रथ आहे. रथात एक पुरुष उभा असून रथाच्या दांडीवर कुत्र्यासारखा प्राणी दिसतो. रेडा आणि गेंडा चाकांवर आरूढ आहेत; हत्तीची चाके नष्ट झाली असावीत.

या समूहाचे वाचन काही अभ्यासकांनी मोहेंजोदडोच्या सुप्रसिद्ध मुद्रेच्या साहाय्याने केले. हत्ती, गेंडा आणि रेडा हे तीन प्राणी त्या मुद्रेवरही असल्याने रथातील पुरुष हा पशुपतीचे रूप असावा, असा तर्क पुढे आला. तर्क आकर्षक आहे. तथापि त्याची रचना तपासली तर ती साहित्यसमीक्षेतील एका परिचित प्रक्रियेशी जुळते. प्रथम मुद्रेवरील आकृतीला उत्तरकालीन पुराणांतील नाव दिले जाते आणि मग ते नाव दुसऱ्या प्रतिमेकडे नेले जाते. दोन मूक संहिता एकमेकींची साक्ष देऊ लागतात, परंतु दोघींच्या मुखी घातलेला शब्द तिसरीकडूनच आलेला असतो. मुद्रेवरचा वाघ दैमाबादच्या संचात नाही. उलट रथ आणि बैल मुद्रेवर नाहीत. साम्याची नोंद घेणाऱ्याने हे भेदही तितक्याच काळजीने नोंदवायला हवेत.

रथातील पुरुषाला येथील अश्वारोही परंपरेचा आद्य पूर्वज मानण्यातही हीच अडचण आहे. कुत्रा आणि शस्त्रधारी घोडेस्वार ही जोडी खंडोबाच्या प्रतिमेत आढळते. दैमाबादच्या रथावर कुत्र्यासारखा प्राणी असला, तरी त्या रथाला बैल जुंपलेले आहेत. महाराष्ट्रात घोड्याला लाभलेल्या प्रतिष्ठेचा ठळक भौतिक पुरावा विदर्भातील माहुरझरी, नायकुंड यांसारख्या महापाषाणीय दफनांतून मिळतो. तेथे घोड्याचे अवशेष आणि अश्वालंकार मृतांसोबत ठेवलेले आढळले, आणि हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा आहे. वाहनाचा पशू ओळखण्यावर संपूर्ण अर्थनिर्णय कसा अवलंबून राहतो, याचा प्रत्यय उत्तर प्रदेशातील सनौली येथे २०१८ मध्ये सापडलेल्या वाहनांविषयीच्या वादातही आला. ती घोड्यांचे रथ होती की बैलांच्या गाड्या, या प्रश्नाआड इतिहासाच्या दोन परस्परविरोधी कथनांचा संघर्ष होता.

दुसरा समूह वीरगळांचा. कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दाशी नाते सांगणारी ही संज्ञा मराठीत रुळली आहे. वीरगळाची रचना एका कथनासारखी असते आणि ती खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत पडलेला वीर, त्यावर पायदळाचा वा घोडेस्वारांचा संग्राम, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि शेवटी शिवलिंगाची पूजा, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. तळच्या चौकटीत गाई असतील तर गोधन राखताना आलेले मरण सूचित होते. वाघ वा रानडुक्कर असेल तर मृत्यू रानात आला असे समजावे. म्हणजे पशू येथे शोभेसाठी कोरलेला नाही, तो मृत्यूचे कारण सांगतो. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत, महाराष्ट्रातील बहुतेक लेखविरहित आहेत. वाचनाचा पेच येथेच निर्माण होतो.

लेख असल्याने काय घडते, याचे उत्तम उदाहरण कर्नाटकातील आतकूरच्या शिलेत मिळते. इसवी सन ९४९-५० च्या सुमाराच्या या शिलेवर कुत्रा आणि रानडुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. लेखावरून कळते की गंग राजा दुसरा बुतुग याचा पराक्रमी अनुचर मणलेर याने बक्षीस म्हणून धन्याकडे ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले; ते रानडुकराशी झुंजताना दोन्ही प्राणी मेले आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभा राहिला. हा लेख झिजून गेला असता, तर डुकरात वराहावताराचा आणि कुत्र्यात भैरवाच्या वाहनाचा शोध घेतला गेला असता, यात शंका नाही. एका धन्याचा एका जनावरासाठी असलेला शोक प्रतीकांच्या गर्दीत हरवला असता. लेखरहित शिलांच्या अभ्यासकाने हे उदाहरण सतत समोर ठेवावे. प्रतीकार्थ सर्वत्र लागू पडतो, म्हणूनच तो विशिष्ट मृत्यूविषयी फार थोडे सांगतो.

तिसरा समूह मात्र मुका नाही. खंडोबाच्या टाकावर घोड्यावर बसलेला देव, सोबत म्हाळसा आणि खाली कुत्रा दिसतो. परंपरेनुसार म्हाळसेचे माहेर नेवासे, म्हणजे याच जिल्ह्यातील. तेथील मोहिनीराजाच्या मंदिराशीही तिचे नाते जोडले जाते. संस्कृत ‘मल्हारी माहात्म्या’च्या परंपरेत मणी दैत्य मरताना देवाला आपला पांढरा घोडा अर्पण करतो. वाघ्यांच्या आणि धनगरांच्या मौखिक परंपरेत मात्र हाच घोडा शिकारीचा आहे. शिकारीच्या निमित्ताने देव रानात जातो आणि धनगराच्या बाणाईला भेटतो. एकाच घोड्याला दोन संहिता दोन अर्थ देतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी मांडलेला ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ हा भेद येथे उपयोगी पडतो. माहात्म्य देवाला क्षेत्रात स्थिर करते, तर ओवी त्याला पुन्हा वनात नेते. म्हाळसा आणि बाणाई या दोन पत्नींमधून हा ताण कथेत उतरतो.

वीर आणि देव यांतील सीमारेषा पुसट असल्याचे भान जुन्या मराठी वाङ्मयातही आहे. ‘लीळाचरित्रा’त विठ्ठलाचे मूळ गोधनासाठी पडलेल्या वीराच्या स्मारकाशी जोडणारी कथा येते, आणि रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलविषयक विवेचनात तिची चर्चा केली आहे. ही कथा ऐतिहासिक सत्य म्हणून स्वीकारण्याची गरज नाही. तेराव्या शतकातील मराठी मनाला दगडावरील वीराचे देवात रूपांतर होणे कल्पनीय वाटत होते, एवढी साक्ष ती निश्चित देते. घोडेस्वाराच्या वीरगळाला शेंदूर लागून तो गावदेव होतो, तेव्हा अर्थाची तीच प्रक्रिया चालू असते. त्या शेंदराला अज्ञान म्हणून हिणवणे अनुचित ठरेल. तेही एक वाचनच आहे. मात्र ते मूळ वाचन नव्हे, हे विसरता कामा नये.

मग मूळ वाचनाकडे जाण्याचा मार्ग कोणता? शब्द नसतात तेथे स्थान आणि स्तर हेच व्याकरण होते. दैमाबादच्या शिल्पांचा वाद याच कारणाने चिघळला. ती नियोजित उत्खननात स्तरातून हाती आली नव्हती. साळी, राव, देशपांडे आणि म. के. ढवळीकर यांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून ती उत्तर हडप्पा काळातील मानली, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील आर्सेनिकचे प्रमाण दाखवून या कालनिर्णयाविषयी शंका घेतली, कारण ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत तसे मिश्रण आढळत नाही. शिल्पे अखंड आहेत, परंतु त्यांचे वाक्य तुटलेले आहे.

वीरगळांचेही तेच होते. वेशीवरचा दगड वेशीच्या लढ्याविषयी बोलतो, खिंडीतला दगड वाटेवरच्या मरणाविषयी, तळ्याकाठचा आणखी कशाविषयी. तो देवळाच्या आवारात हलवला, पायरीत बसवला किंवा संग्रहालयाच्या भिंतीला टेकवला, की घोडेस्वार शिल्लक राहतो आणि त्याचे मरण निघून जाते. संरक्षणाच्या सद्हेतूनेही ही हानी होऊ शकते. म्हणून लेखरहित प्रतिमेची संहिता-चिकित्सा करायची, तर दगड हलण्यापूर्वी त्याची जागा, दिशा आणि शेजार यांची नोंद करणे ही तिची पहिली पायरी ठरते. हस्तलिखिताचा पाठ ठरवताना पानांचा क्रम जपला जातो, आणि येथे तो क्रम जमिनीवर मांडलेला असतो.