कांदिवली : विमानतळ प्रवास

कांदिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची वाट अंतरापेक्षा सामान आणि उड्डाणाची वेळ ठरवते. लोकलने विलेपार्ले आणि पुढे रिक्षाने टर्मिनल १ हा मार्ग स्वस्त. पण गर्दीत बॅगा घेऊन डब्यात शिरणे सोपे नाही. मेट्रो ७ (गुंदवलीपर्यंत, जानेवारी २०२३) आणि मेट्रो ३ (आरे–बीकेसी, ऑक्टोबर २०२४) आल्यावर हा प्रश्न सुटला, असे म्हटले जाते. रस्त्यावरची कोंडी टळते, हे खरेच. मात्र कांदिवली पूर्वेच्या आकुर्ली मेट्रो स्थानकाहून टर्मिनल २ गाठताना गुंदवली आणि मरोळ नाका येथे गाडी बदलावी लागते, आणि थकवा येतो तो तिथल्याच जिन्यांवर. गुंदवली ते विमानतळ ही मेट्रो ७अ मार्गिका या उणिवेवर उपाय म्हणूनच आखलेली आहे. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही. तेव्हा मोकळ्या पश्चिम द्रुतगती महामार्गावरून टॅक्सीच सरस.