गिरणीचा पगार आणि रविवार

कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी १८५६ सालीं मुंबईंत सुरू झाली. शहराचें भाग्य तेव्हांपासून उघडलें असें म्हणतात, आणि तें खोटें नाहीं. कोंकणांत व घाटावर शेतीनें ज्यांचें पोट भरत नव्हतें, अशीं किती तरी घरें पुढें गिरणीच्या पगारावर तगलीं.

परंतु त्याचें मोल काय पडलें, तें १८८१ च्या कारखाना कायद्यांत दिसतें. सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवूं नये, बारांपर्यंतच्या मुलांकडून रोज नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, असें त्यांत सांगावें लागलें! मोठ्यांच्या तासांविषयीं मात्र अवाक्षर नाहीं. पुढें विजेचे दिवे आले. त्यांनीं उजेडाबरोबर कामाचा दिवसही लांबविला. कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ सालीं.

हें सारें यंत्रापायीं अटळच होतें काय? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळें १८९० सालीं मालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. त्यानें गिरण्या बुडाल्या नाहींत, उलट वाढल्याच. मुलांचें किमान वय मात्र १८९१ च्या दुरुस्तीनंतरही नऊ वर्षांवरच थांबलें.