जेथें जंतु, तेथें जंतुभक्षक

गंगेचें पाणी वर्षानुवर्षें गडव्यांत राहिलें तरी नासत नाहीं, ही समजूत भारतांत फार जुनी आहे. तिला प्रयोगशाळेचा आधार मिळाला तो १८९६ सालीं. गंगा-यमुनेच्या पाण्यांत कॉलऱ्याचे जंतु मरतात, परंतु तेंच पाणी उकळलें कीं त्याचा हा गुण नाहींसा होतो, असें आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध केलें.

पुढें १९१५ सालीं लंडन येथें फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना जंतूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन नष्ट होतांना दिसल्या. १९१७ सालीं पॅरिस येथें फेलिक्स देरेल यांना आमांशाच्या जंतूंचा एक अदृश्य शत्रु सांपडला. जंतु अडकून राहतील अशा बारीक गाळणींतूनही तो पार होई. त्यास त्यांनीं ‘बॅक्टेरिओफेज’, म्हणजे जंतुभक्षक, हें नांव दिलें. १९२७ सालीं पंजाबांत येऊन त्यांनीं कॉलऱ्याच्या रोग्यांवर त्याचे प्रयोगही केले. हँकिन यांच्या निरीक्षणाचें श्रेयही पुढें याच जंतुभक्षकांस दिलें गेलें. पण तें अनुमान होय, सिद्धता नव्हे.

वस्तुतः हे विषाणु जंतूंस खात नाहींत. जंतूच्या देहांत ते आपलें बीजद्रव्य सोडतात, त्याच्याच सामग्रीवर आपली प्रजा वाढवितात आणि बहुधा त्यास फोडून बाहेर पडतात. त्यांचे प्रकार अगणित आहेत. कोणास बहुकोनी मस्तक व मागें शेपूट असतें, तर कोणी केवळ धाग्यासारखा असतो. प्रत्येकाचें भक्ष्यही बहुधा ठराविक असतें. आमांशाच्या जंतूस मारणारा कॉलऱ्याच्या जंतूस शिवेलच असें नाहीं.

त्यांची वस्ती माती, समुद्र, उष्ण झरे, मनुष्याचें आंतडें अशी सर्वत्र आहे. १९८९ सालीं नॉर्वेतील संशोधकांनीं दाखविलें कीं, नैसर्गिक पाण्याच्या एका मिलिलिटरमध्यें २५ कोटींपर्यंत विषाणु असूं शकतात. त्यांतील बहुतेक जंतुभक्षकच असावेत. पृथ्वीवरील एकूण संख्येचा अंदाज १ वर ३१ शून्यें इतका आहे.

तेव्हां जंतुभक्षक असणें हें कोणा एका नदीचें खास वैभव नव्हे. जेथें भक्ष्य, तेथें भक्षक. किंबहुना आंतड्यांतील जंतूंवर जगणारे विषाणु पाण्यांत आढळले, तर त्यांत मैला मिसळला असावा, असा निष्कर्ष आजचे जलपरीक्षक काढतात. ज्यास पावित्र्याची साक्ष मानावें, तीच कधीं अशुद्धतेची खूण ठरते. नदीविषयीं श्रद्धा अवश्य असावी; पिण्याचें पाणी मात्र उकळूनच प्यावें.