ग्रांट डफ आणि त्याचे मराठी वाचक

राज्य गेलें म्हणजे त्याच्या मागोमाग राज्याच्या कागदांवरील सत्ताही दुसऱ्याच्या हातीं जाते. १८१८ सालीं पेशवाईचा अंत झाला आणि अवघ्या आठ वर्षांत, १८२६ मध्यें, मराठ्यांचा नव्या पद्धतीचा पहिला सलग इतिहास तीन खंडांत लंडन येथें प्रसिद्ध झाला. तो लिहिणारा पुण्याचा कोणी शास्त्री नव्हता, साताऱ्याचा चिटणीसही नव्हता; पेशव्यांविरुद्ध लढलेल्या फौजेंतील तो एक स्कॉच कप्तान होता. जेम्स कनिंगहॅम ग्रांट डफ हें त्याचें नांव. त्याचा ग्रंथ मराठींत कसा आला, मराठी माणसांनीं तो कसा वाचला आणि त्यास काय उत्तर दिलें, ही हकीकत मूळ ग्रंथाइतकीच उद्बोधक आहे.

ग्रांटचा जन्म १७८९ सालीं स्कॉटलंडमधील बॅन्फ येथें झाला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो मुंबईच्या फौजेंत दाखल झाला व पुढें एल्फिन्स्टनच्या हाताखालीं पुण्यास आला. पेशव्यांशीं झालेल्या शेवटच्या युद्धानंतर साताऱ्याची व्यवस्था त्याच्याकडे सोंपविण्यांत आली. छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या नांवानें राज्याचा कारभार पाहून १८२२ सालीं त्यानें तो महाराजांच्या स्वाधीन केला. ‘डफ’ हें आडनांव त्यानें मायदेशीं परतल्यावर घेतलें, म्हणून साताऱ्यांत त्याची ओळख ग्रांटसाहेब अशीच होती.

त्याच्या श्रमांविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. छत्रपतींच्या संग्रहांतील कागद, पुण्याचें पेशवे दप्तर, सुरतेच्या वखारीचे व मुंबई सरकारचे कागद, गोव्यांतील पोर्तुगीज दप्तर आणि मल्हार रामराव चिटणिसांसारख्यांच्या बखरी, एवढा पसारा दिवसभराचा राज्यकारभार उरकून त्यानें चाळला. मस्तकशूळानें तो हैराण होई; तरी डोक्यास ओलें फडकें बांधून तो लिहीत बसे. प्रकृति ढांसळल्यामुळेंच त्यास हिंदुस्थान सोडावें लागलें.

ग्रंथ इंग्रजींत निघाल्यास तीन-चार वर्षें होतात न होतात, तोंच कप्तान डेव्हिड केपन यानें बाबा साने यांच्या साहाय्यानें त्याचें मराठी भाषांतर केलें. त्यास नांव दिलें ‘मराठ्यांची बखर’. हें नांव विचार करण्याजोगें आहे. बखर म्हटली म्हणजे ती धन्याच्या आज्ञेवरून, त्याच्या पूर्वजांच्या पराक्रमाचें स्मरण राहावें म्हणून लिहावयाची. येथें धनी बदलला होता आणि बखरकारही बदलला होता. शब्द मात्र जुनाच राहिला. ही बखर शाळांतून शिकविली जाऊं लागली. ज्यांच्या आज्यांनीं खडकीची लढाई डोळ्यांनीं पाहिली, तीं मुलें त्याच लढाईची हकीकत जिंकणाऱ्या पक्षाच्या कप्तानाच्या पुस्तकांतून पाठ करूं लागलीं.

या इतिहासाचें बल कोठें आहे व त्याची मर्यादा कोठें, हें आमच्या उपनगरांतील वाचकांनीं स्वतःच्या गांवावरूनच पडताळून पाहावें. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं सारीं जुन्या साष्टी बेटांतील ठिकाणें. मराठ्यांनीं १७३७ सालीं ठाणें व साष्टीचा बहुतेक भाग पोर्तुगिजांपासून घेतला. १७३९ मध्यें वेसाव्याचा किल्ला आणि त्या वर्षाच्या मे महिन्यांत वसई पडली. पुढें साष्टी परत घेण्यास पोर्तुगीज आरमार येत आहे असें कळतांच मुंबईच्या इंग्रजांनीं आधींच हात मारला. १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. या घडामोडींची सांखळी, मुंबईकर इंग्रजांचा साष्टीवरील जुना डोळा, सुरत, पुरंदर व सालबाई येथील तह, हें सर्व डफच्या ग्रंथांत सुसंगत मांडलेलें आढळेल. दप्तर हाताशीं असलेल्या कारभाऱ्याचें तें काम आहे आणि तें त्यानें चोख केलें आहे.

परंतु हे मराठे साष्टींत आले कोणाच्या बोलावण्यावरून? अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे अशा स्थानिक मंडळींनीं धर्मछळास कंटाळून पेशव्यांशीं संधान बांधलें. वाटा, खाड्या आणि माणसें यांची माहिती पुरविली. ही बाजू कळावयाची तर ‘साष्टीची बखर’ आणि घराण्यांचे कागद उलगडावे लागतात. यशवंत नरसिंह केळकर यांनीं १९३७ सालीं ‘वसईची मोहीम’ हें पुस्तक लिहिलें, तें अशा साधनांच्या आधारावर. डफच्या निवेदनांत मोर्चे, तोफा आणि तह यांना मुख्य जागा आहे. मालाडच्या देशमुखी-देसाईगिरीच्या घरांत काय शिजत होतें, तें त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत फारसें येत नाहीं. शिपायाला शिपाई दिसतो. गांवकरी दिसण्यास गांवचा डोळा लागतो.

हें न्यून प्रथम ओळखून दाखविलें तें एका तरुणानें. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं वयाच्या पंचविशीच्या आंत डफच्या बखरीवर टीका लिहिली व ती १८६८ सालीं प्रसिद्ध झाली. इंग्रजी सत्ता तेव्हां पूर्ण स्थिरावली होती आणि साहेबानें छापलेलें तें खरें मानण्याकडे नवशिक्षितांचा कल होता. अशा वेळीं कीर्तन्यांनीं राग न आळवतां प्रश्न विचारले. ग्रंथकारानें साधनें पुरेशीं पाहिलीं काय? घटनांमागील कारणें त्यास उमगलीं काय? केवळ लढायांची जंत्री म्हणजे राष्ट्राचा इतिहास होतो काय? टीकेवरच न थांबतां त्यांनीं जुन्या बखरी ‘विविधज्ञानविस्तारां’तून छापण्याचें कामही अंगावर घेतलें. दोष काढणें सोपें. ज्या साधनांवांचून तो दोष राहिला तीं साधनें पुढें आणणें कठीण. कीर्तन्यांनीं दोन्ही केलें, म्हणून त्यांची लहानशी पुस्तिका टिकली.

पुढची वाट त्यांनींच घालून दिली. १८७८ सालीं ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाला. १८९८ मध्यें राजवाड्यांनीं वाईस सांपडलेल्या पत्रांचा पहिला खंड काढून, अस्सल पत्राच्या तिथीपुढें डफची मिति कशी लटपटते तें दाखविलें. मराठ्यांच्या उदयास डफनें सह्याद्रींतील वाळल्या गवताच्या वणव्याची उपमा दिली होती. १९०० सालीं न्यायमूर्ति रानड्यांनीं ती उचलून असा प्रश्न केला कीं, वणवा विझून जातो, मग हें राज्य दीडशें वर्षें कसें टिकलें? त्यास उत्तर म्हणून त्यांनीं संतांची शिकवण, ग्रामसंस्था आणि लोकांची एकजूट पुढें मांडली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, आणि १९३० नंतर सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. या सर्वांच्या मेजावर डफ उघडा पडलेला असे. त्याला खोडून काढण्यासाठीं का होईना, प्रत्येकास तो आधीं वाचावा लागला.

येथें दुसऱ्या एका देशाची आठवण होते. डफच्या ग्रंथानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९२६ मध्यें, टी. ई. लॉरेन्स या इंग्रज लढवय्याचा अरबांच्या बंडावरील ग्रंथ वर्गणीदारांपुरता छापला गेला. १९४० सालीं नाकानो योशिओ या जपानी विद्वानानें जपानी वाचकांसाठीं लॉरेन्सचें चरित्र लिहिलें. जपान्यांस लेखकही परका आणि ज्यांच्याविषयीं लिहिलें ते अरबही परके. त्यामुळें तो माणूस कसा होता, याचें कुतूहल त्यांना निश्चिंतपणें पुरवितां येतें. आमची गोष्ट तशी नाहीं. डफच्या पुस्तकांत आम्ही प्रेक्षक नसून पात्रें आहों. म्हणून त्याच्यावर मराठींत जें लिहिलें गेलें, त्यांत त्याच्या चरित्रापेक्षां आमचीच झडती अधिक आहे. पुण्याचे इतिहासाध्यापक अ. रा. कुलकर्णी यांनीं अलीकडच्या काळांत डफवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या माणसाकडे शांतपणें पाहण्यास आम्हांस शतकाहून अधिक काळ लागला.

या विलंबाचें एक कारण म्हणजे डफनें मराठी कागद जाळले हा प्रवाद. जमविलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीपाशीं ठेवल्याचें त्यानें टीपांतून नमूद केलें आहे. पुढच्या पिढीनें चौकशी केली तेव्हां त्या हातीं आल्या नाहींत, आणि संशयास वाट मिळाली. कागद हरवल्याचें दुःख खरें आहे. परंतु हरवलें म्हणजे जाळलें असें सिद्ध होत नाहीं. आणि जे कागद आमच्या वाड्यांतील माळ्यांवर वाळवीनें खाल्ले, जे वाण्याच्या दुकानीं रद्दींत गेले, त्यांचा हिशेब कोणाकडे मागावयाचा?

या कथेंतील खरें करुण पात्र निराळेंच आहे. ज्या प्रतापसिंह महाराजांनीं आपल्या पूर्वजांचे कागद या कप्तानापुढें मोकळे केले, त्यांनाच कंपनी सरकारनें १८३९ सालीं पदच्युत करून काशीस धाडलें. तेथेंच १८४७ मध्यें त्यांचा अंत झाला आणि १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें. राज्य गेलें, राजा गेला. त्यानें दाखविलेल्या कागदांचा सारांश तेवढा परक्याच्या पुस्तकांत उरला.

डफचें ऋण मानावें कीं त्याचा निषेध करावा, असा प्रश्न सभांतून विचारला जातो. आमच्या मतें तो प्रश्नच चुकीचा आहे. त्याचे श्रम मान्य करावे, त्याची दृष्टि नाकारावी आणि त्याच्या चुका कागद दाखवून सुधाराव्या; कीर्तन्यांपासून सरदेसायांपर्यंत सर्वांनीं हेंच केलें. आज ज्या घरांत जुनें दप्तर असेल, त्यांनीं तें उघडून जाणत्यास दाखवावें. इनामाची एखादी सनद, खाडीच्या जकातीचा एखादा हिशेब, देवळाच्या पूजेअर्चेची एखादी यादी, यांतून साष्टीच्या इतिहासाचें न लिहिलेलें पान भरून निघेल. परक्यानें आमचा इतिहास लिहिला यांत आम्हांस कमीपणा नाहीं. तो वाचून आम्ही स्वस्थ बसलों असतों, तर मात्र कमीपणा खास होता.