अक्षांचे सरणे आणि बिंदूंचे स्थानांतरण

प्रतलातील प्रत्येक बिंदू (क्ष, य) घ्यावा व तो (क्ष + ३, य − २) येथे न्यावा, असा नियम म्हणजे एक फलन होय. स्थानांतरणाचा हा अर्थ त्याच्या सूत्राहून पुष्कळ अर्वाचीन आहे. देकार्तच्या १६३७ मधील भूमितीत तर आजचे दोन ठरावीक अक्षही नाहीत. ऑयलरने १७४८ च्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात सहनिर्देशकांच्या पालटावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. परंतु तेथे वक्र स्थिर राहतो आणि सरतात ते अक्ष. आरंभबिंदू (३, −२) येथे नेला, तर जागीच असलेल्या बिंदूचे नवे निर्देशक (क्ष − ३, य + २) होतात. चिन्हे उलटतात. व्याकरणाच्या परिभाषेत क्रिया तीच, कर्ता मात्र पालटलेला; विद्यार्थ्यांची चिन्हांची चूक बहुधा येथेच उगम पावते. शिवाय त्या ग्रंथात फलन म्हणजे चल राशी व स्थिरांक यांची वैश्लेषिक पदावली. बिंदूस बिंदू नेमून देणाऱ्या नियमास त्या शब्दात जागा नव्हती. क्लाइनने १८७२ मध्ये रूपांतरणांच्या गटांवरून भूमितींचे वर्गीकरण केले, तेव्हा बिंदूंचे हे हलणेच भूमितीचा पाया ठरले. कोणत्याही संचाच्या घटकांना लागू पडेल अशी चित्रणाची व्याख्या डेडेकिंडने १८८८ मध्ये दिली.